कॅलेंडरातून गळालेले दिवस

‘५ ऑक्टोबर १५८२ या दिवशी स्पेनमध्ये काय घडले?’ हा प्रश्न इतिहासाच्या तासाला विचारून पाहावा. हुशार मुले पुस्तके धुंडाळतील, एखादी लढाई किंवा तह सापडतो का ते पाहतील. उत्तर मात्र एका शब्दाचे आहे : काहीही नाही. त्या दिवशी कोणी जन्मले नाही, कोणी मेले नाही, पाऊस पडला नाही, बाजार भरला नाही. कारण तो दिवस स्पेनमध्ये उगवलाच नाही. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारी लोक झोपले आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, उठले तेव्हा १५ ऑक्टोबर होता. पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीचा बराचसा भाग येथेही तेच झाले.

संत तेरेसा ही स्पेनमधील प्रसिद्ध साध्वी नेमकी त्याच रात्री आल्बा दे तोर्मेस या गावी वारली. मृत्यू ४ ऑक्टोबरच्या रात्री आणि दफन दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑक्टोबरला! तिचा स्मृतिदिन आजही १५ ऑक्टोबरलाच पाळला जातो. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही त्याला वाटेल की बिचारीचे शव अकरा दिवस तसेच ठेवले होते.

हे दहा दिवस गेले कुठे, याचे उत्तर शोधायचे तर रोमच्या जुलियस सीझरपर्यंत मागे जावे लागते. सीझरच्या आधी रोमचे वर्ष ३५५ दिवसांचे होते आणि तूट भरून काढायला अधूनमधून जादा महिना घालत. तो केव्हा घालायचा हे पुरोहितवर्ग ठरवी. आवडता अधिकारी असला तर वर्ष लांबवायचे, नावडता असला तर तसेच सोडून द्यायचे, असा कारभार चाले. त्यामुळे ऋतू आणि महिने यांचा मेळ पार बिघडला होता. सीझरने अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या ज्योतिर्विदाचा सल्ला घेतला, इ.स.पू. ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचे केले आणि एकदाची गाडी रुळावर आणली. पुढच्या वर्षापासून ३६५ दिवसांचे वर्ष आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त, हा सोपा नियम सुरू झाला. सीझरच्या नावावरून त्याला ज्युलियन पद्धत म्हणतात.

नियम सोपा होता, पण किंचित चुकीचा होता. या नियमाने वर्षाची सरासरी लांबी ३६५ दिवस ६ तास होते. ऋतुचक्राचे खरे वर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे ४५ सेकंदांचे आहे. फरक सव्वाअकरा मिनिटांचा. वर्षाला सव्वाअकरा मिनिटे म्हणजे नगण्यच. पण मुलांना भागाकार करायला सांगावा. चोवीस तासांची मिनिटे १४४०, त्यांना ११.२५ ने भागले की उत्तर येते १२८. म्हणजे दर १२८ वर्षांनी कॅलेंडर ऋतूंच्या तुलनेत एक दिवस चुकते.

सामान्य शेतकऱ्याला याचे सोयरसुतक नव्हते. अडचण होती चर्चची. ईस्टरचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरवायचा असतो. इ.स. ३२५ मध्ये निकिया येथे धर्मपरिषद भरली त्या काळी वसंतसंपात २१ मार्चच्या सुमारास होई, म्हणून चर्चने तीच तारीख कायमची धरली. आकाशातील सूर्याने अर्थातच हा ठराव मानला नाही. सोळाव्या शतकात खरा वसंतसंपात ११ मार्चलाच होऊ लागला. १५८२ मधून ३२५ वजा केले की १२५७ वर्षे उरतात. त्यांना १२८ ने भागले की जवळजवळ दहा. हेच ते दहा दिवस.

यावरचा तोडगा आलोइसियस लिलियस या दक्षिण इटलीतील वैद्याने काढला. तो १५७६ मध्ये वारला आणि त्याचे टिपण त्याच्या भावाने पोपपुढे ठेवले. क्रिस्टोफर क्लेव्हियस या जेझुइट गणितज्ञाने त्याची छाननी करून ते मांडले आणि पुढे आयुष्यभर टीकाकारांना उत्तरे दिली. पोप तेरावा ग्रेगरी याने २४ फेब्रुवारी १५८२ चे फर्मान काढले आणि कॅलेंडरला नाव मात्र पोपचे मिळाले. लिलियसची आठवण आज फारच थोड्यांना आहे.

सुधारणा दुहेरी होती. एक, साचलेले दहा दिवस एकदम काढून टाकायचे. त्यासाठी ऑक्टोबर निवडला, कारण त्या दिवसांत चर्चचे महत्त्वाचे सण कमी होते. दोन, पुढे पुन्हा चूक साचू नये म्हणून शतकपूर्तीच्या वर्षांपैकी फक्त ४०० ने भाग जाणारीच वर्षे लीप धरायची. म्हणून १६०० आणि २००० ही लीप वर्षे. १७००, १८००, १९०० नव्हेत. चारशे वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप दिवस आले. त्यामुळे वर्षाची सरासरी ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटे १२ सेकंद झाली. चूक वर्षाला अवघ्या सत्तावीस सेकंदांवर आली. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीच्या काळातले हे काम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची थोरवी कळते.

एक गोष्ट मात्र कोणीही मोडली नाही, ती म्हणजे वारांची साखळी. गुरुवारनंतर शुक्रवारच आला. ही बाब इतिहासाच्या अभ्यासात फार उपयोगी पडते. तिच्याकडे पुढे वळू.

पोपचे फर्मान कॅथलिक राजांनी मानले. फ्रान्सने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ९ तारखेनंतर २० तारीख धरली. प्रॉटेस्टंट देशांनी मात्र कानावर हात ठेवले. गणित बरोबर असेल, पण ते पोपकडून आले आहे ना, मग नको! जर्मनीतील ऑग्सबुर्ग शहरात दोन्ही पंथांचे लोक राहत. तेथील नगरसभेने नवे कॅलेंडर लागू केले आणि १५८४ मध्ये त्यावरून शहरात दंगा उसळला. रिगा शहरात, म्हणजे आजच्या लाटव्हियात, त्याच वर्षी सुरू झालेला असा झगडा १५८९ पर्यंत धुमसत राहिला. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने जॉन डी या आपल्या विद्वान सल्लागाराचे मत मागवले होते व ते सुधारणेला अनुकूल होते. पण बिशपांनी मोडता घातला. परिणामी पावणेदोनशे वर्षे युरोपात दोन तारखा एकत्र नांदल्या. सरहद्द ओलांडली की प्रवासी दहा दिवस पुढे किंवा मागे जाई. परदेशी लिहिलेल्या पत्रांवर लोक दोन्ही तारखा अपूर्णांकासारख्या खाली-वर लिहीत.

डेन्मार्क, नॉर्वे आणि जर्मनीतील प्रॉटेस्टंट संस्थानांनी अखेर १७०० मध्ये हार मानली. सर्वांत मजेशीर वाट धरली ती स्वीडनने. एकदम अकरा दिवस काढण्याऐवजी (१७०० मध्ये फरक अकरा दिवसांचा झाला होता) १७०० ते १७४० या काळात येणारे सगळे लीप दिवस गाळावेत, म्हणजे चाळीस वर्षांत कोणाला न दुखवता काम होईल, असा बेत ठरला. १७०० चा लीप दिवस गाळलाही. पण मग मोठे युद्ध पेटले, राजा बारावा चार्ल्स मोहिमेवर गेला, आणि १७०४ व १७०८ मध्ये लीप दिवस गाळायचे राहूनच गेले. आता स्वीडनची तारीख ज्युलियनशी जुळेना की ग्रेगोरियनशी जुळेना. जगात त्या तारखेला सोबतच उरली नाही. शेवटी राजाने बेत सोडला आणि मागे परतायचे ठरवले. १७०० मध्ये गाळलेला एक दिवस परत द्यायचा होता आणि १७१२ हे लीप वर्षच होते. म्हणून त्या वर्षी स्वीडनमध्ये आणि त्याच्या ताब्यातील फिनलंडमध्ये फेब्रुवारी महिना तीस दिवसांचा झाला. ३० फेब्रुवारी १७१२ ही तारीख कागदोपत्री खरीखुरी आहे. पुढे १७५३ मध्ये स्वीडनने एकाच दमात अकरा दिवस गाळले : १७ फेब्रुवारीनंतर १ मार्च.

ब्रिटनने त्याआधी एक वर्ष, म्हणजे १७५२ मध्ये, बदल केला. तेथे आणखी एक भानगड होती. इंग्लंडचे कायदेशीर नवे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे, तर २५ मार्चला होई. म्हणजे २४ मार्च १७०० च्या दुसऱ्या दिवशी २५ मार्च १७०१ येई. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारी स्वीकारला होता. फेब्रुवारी महिन्यात एडिंबरोहून लंडनला जाणारा माणूस एक वर्ष मागे जाई. लॉर्ड चेस्टरफील्डने लॉर्ड मॅकल्सफील्ड आणि राजज्योतिषी जेम्स ब्रॅडली यांच्या मदतीने कायदा करवून घेतला. १७५१ हे साल २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपले, म्हणजे २८२ दिवसांचेच झाले. १७५२ मध्ये बुधवार २ सप्टेंबरनंतर गुरुवार १४ सप्टेंबर आला, म्हणून ते वर्ष ३५५ दिवसांचे. संगणकावर युनिक्स ही प्रणाली वापरणारे लोक सप्टेंबर १७५२ चे कॅलेंडर मागवतात तेव्हा पडद्यावर १ आणि २ यांच्यापुढे सरळ १४ उमटतो. प्रथम पाहणाऱ्याला वाटते यंत्र बिघडले!

‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणत लंडनच्या लोकांनी दंगे केले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पुष्कळ पाठ्यपुस्तकांतही ती आली. आपले आयुष्य अकरा दिवसांनी घटले असे अडाणी लोकांना वाटले, असे त्यात रंगवून सांगतात. अलीकडच्या इतिहासकारांनी त्या काळची वृत्तपत्रे व न्यायालयीन कागद तपासले, तेव्हा अशा दंग्याचा पुरावा मिळाला नाही. गोष्टीचे मूळ विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या १७५५ च्या सुमाराच्या एका उपरोधिक चित्रात असावे. त्यात निवडणुकीच्या मेजवानीचा गोंधळ दाखवला असून जमिनीवर या घोषणेचा एक फलक पडलेला दिसतो. व्यंगचित्रातील विनोद पुढच्या पिढ्यांनी बातमी म्हणून वाचला. खरा दंगा झाला तो ऑग्सबुर्गमध्ये, आणि प्रसिद्ध झाला तो लंडनचा न झालेला!

लोकांना चिंता नव्हती असे मात्र नाही. घरभाडे महिन्याचे द्यायचे की एकोणीस दिवसांचे? कर्जावरचे व्याज कसे मोजायचे? एकविसाव्या वर्षी वारसाहक्क मिळणाऱ्या मुलाला तो अकरा दिवस आधी द्यायचा का? हे प्रश्न पोटापाण्याचे होते. कायद्यात त्यांची उत्तरे होती : मुदती आणि वये प्रत्यक्ष उगवलेल्या दिवसांनीच मोजावीत. ब्रिटनचे प्राप्तिकराचे वर्ष आजही ६ एप्रिल या विचित्र तारखेला सुरू होते, त्याचेही मूळ इथेच आहे. जुन्या नववर्षदिनाची २५ मार्च ही तारीख अकरा दिवसांनी पुढे ढकलली की ५ एप्रिल येते. उरलेल्या एका दिवसाचा हिशेब कसा लावायचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

अमेरिकेतील वसाहतींनाही हा कायदा लागू झाला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म व्हर्जिनियात झाला तेव्हा तारीख होती ११ फेब्रुवारी १७३१. वीस वर्षांनी कायदा बदलला आणि ती झाली २२ फेब्रुवारी १७३२. दिवस बदलला, वर्षही बदलले.

विज्ञानशिक्षकांच्या फार आवडीचा एक योगायोग असतो : ज्या वर्षी गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला. एकाने मशाल खाली ठेवली आणि दुसऱ्याने उचलली, असे म्हणायला बरेही वाटते. आता तारखा पाहू. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी वारला. ही इटलीतील तारीख, म्हणजे नव्या पद्धतीची. न्यूटन २५ डिसेंबर १६४२ रोजी, नाताळच्या दिवशी, जन्मला. ही इंग्लंडची, म्हणजे जुन्या पद्धतीची. दोन्ही तारखा नव्या पद्धतीने लिहिल्या तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला जातो. दोन्ही जुन्या पद्धतीने लिहिल्या, आणि वर्ष १ जानेवारीलाच सुरू झाले असे धरले, तर गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ ला जातो. कोणतीही एक पद्धत धरा, साल जुळत नाही. साल जुळते ते फक्त दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्या एकत्र वापरल्यामुळे. मापनात एकके मिसळू नयेत, हे मुलांना शिकवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

साहित्यातही असाच एक योगायोग सांगतात. शेक्सपिअर आणि ‘डॉन किहोते’चा लेखक सर्व्हान्तेस हे दोघेही २३ एप्रिल १६१६ रोजी वारले म्हणे. ही तारीख साहित्यजगतात इतकी प्रतीकात्मक ठरली की युनेस्कोने १९९५ मध्ये २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन ठरवला. परंतु इंग्लंडमधला २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधला ३ मे. शेक्सपिअर प्रत्यक्षात दहा दिवस जास्त जगला. शिवाय सर्व्हान्तेसचे निधन २२ एप्रिलला झाले आणि २३ ही त्याच्या दफनाची नोंद, असे आता मानले जाते. पुस्तक दिन साजरा करायला अर्थातच यामुळे काही बाध येत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सतराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर तीन युरोपीय सत्तांची ठाणी होती. गोव्याचे पोर्तुगीज आणि वेंगुर्ल्याच्या वखारीतले डच नव्या पद्धतीने तारीख लिहीत. मुंबई आणि सुरतेचे इंग्रज जुन्या पद्धतीने लिहीत. मराठी दफ्तरांत शालिवाहन शक आणि तिथी असत, शिवाय हिजरी व सुहूर सन होतेच. एकच घटना, पण गोव्याच्या पत्रात तिची तारीख एक आणि मुंबईच्या पत्रात दहा दिवस मागची! आपल्या इतिहास-संशोधकांनी १७५२ पूर्वीच्या घटनांना सामान्यतः इंग्रजांची जुनी पद्धत लावली. त्यामुळे शाळेत आपण पाठ केलेल्या शिवकालीन तारखा बहुतेक सर्व ज्युलियन आहेत.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १३ या तिथीचा. त्याची रूढ तारीख ६ जून १६७४. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या वेळी रायगडावर हजर होता आणि त्याच्या कागदांतील तारखा याच पद्धतीच्या. त्याच दिवशी गोव्यात मात्र १६ जून होता. जेधे शकावलीत महाराजांच्या जन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य ३ आहे व वार शुक्रवार. तिची रूढ तारीख १९ फेब्रुवारी १६३०. नव्या पद्धतीने ती १ मार्च १६३० होते. त्यात २५ मार्चचा नियम लावला तर इंग्लंडात तेव्हा १६२९ सालच चालू होते! सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ मधली. पण इंग्रज कारकून आपल्या रिवाजाप्रमाणे तो महिना १६६३ मध्येच धरत. हे न जाणता मूळ कागद वाचणारा माणूस कार्यकारणाचा क्रमच उलटा लावून बसेल : आधी लूट, मग तिला कारण झालेल्या गोष्टी.

वसईचे उदाहरण तर शिक्षकांना हमखास गोंधळात टाकते. चिमाजी अप्पांपुढे पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या, ती तारीख मराठी व इंग्रजी ग्रंथांत ५ मे १७३९ सापडते, तर पोर्तुगीज साधनांवरून लिहिलेल्या पुस्तकांत १६ मे १७३९. दोन लेखकांपैकी एक चुकला असे समजून विद्यार्थी एका तारखेवर काट मारतो. वास्तविक दोन्ही बरोबर आहेत. अठराव्या शतकातला अकरा दिवसांचा फरक तेवढा मध्ये आहे.

अशा वेळी खरी साक्ष वाराची. वारांची साखळी कोणत्याच पद्धतीने तुटत नाही, हे वर सांगितलेच. ताळा करायची एक सोपी युक्ती आहे. ग्रेगोरियन पद्धतीत चारशे वर्षांचे दिवस होतात १,४६,०९७ आणि या संख्येला ७ ने पूर्ण भाग जातो. म्हणून चारशे वर्षांनी कॅलेंडर जसेच्या तसे परत येते. १६३० चे नवे कॅलेंडर म्हणजेच २०३० चे. २०३० मधला १ मार्च पाहा : शुक्रवार, शकावलीत आहे तसाच. राज्याभिषेकासाठी २०७४ चा १६ जून काढावा लागेल. तो शनिवार आहे आणि राज्याभिषेकही शनिवारचाच. आठवीच्या मुलाला कागद-पेन्सिल घेऊन हे करता येते आणि आपण इतिहास तपासून पाहिला याचा आनंद त्याला मिळतो. तिथीने जयंती की तारखेने जयंती हा वाद आपल्याकडे जोरात होतो. ती तारीख कोणत्या पद्धतीची, हा प्रश्न त्यात क्वचितच कोणी विचारते.

१७५२ नंतर हा घोळ मिटतो. १४ जानेवारी १७६१, पानिपतचा दिवस, हा सर्वांच्याच लेखी १४ जानेवारी. परंतु येथे दुसराच एक समज डोके वर काढतो. १४ जानेवारी म्हणजे मकरसंक्रांत, म्हणून पानिपत संक्रांतीला झाले आणि ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार त्यावरून आला, असे सर्रास सांगितले जाते. आपली संक्रांत निरयन गणनेने ठरते आणि ग्रेगोरियन तारखांच्या तुलनेत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हल्ली ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. मागे हिशेब करत गेले तर १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या आसपास पडते. म्हणजे लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. वाक्प्रचाराचे मूळ दुसरीकडे शोधावे लागेल.

युरोपचे कॅलेंडर दहा दिवस चुकले म्हणून आपण हसतो, पण संक्रांत आणि खरे उत्तरायण यांत आज तेवीस-चोवीस दिवसांचे अंतर पडले आहे. सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास आणि आपण तिळगूळ वाटतो जानेवारीच्या मध्यावर. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने हा दोष दाखवून ऋतूंशी बांधलेले राष्ट्रीय कॅलेंडर सुचवले आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, ते लागू झाले. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापली जाते. पंचांगकर्त्यांनी व लोकांनी मात्र तिला जवळ केले नाही. पोपकडे निदान फर्मान काढायची सोय होती.

तसे पाहिले तर दिवस गळणे आपल्याला नवे नाही. क्षय तिथी दर महिन्यात भेटते, अधिक मास तर घराघरात माहीत आहे. संपूर्ण महिनाच गळण्याचा, म्हणजे क्षय मासाचा, प्रसंग मात्र दुर्मीळ. विसाव्या शतकात तो शके १८८५ आणि शके १९०४ मध्ये, म्हणजे १९६३-६४ व १९८२-८३ मध्ये, आला होता. अधिक मासावरून जपानची गोष्ट आठवते. तेथेही चांद्र-सौर पंचांग होते आणि १८७३ मध्ये अधिक मास येणार होता. नवे मेइजी सरकार कर्जात बुडालेले. नोकरांना पगार मासिक द्यायचा. आणि त्या वर्षी महिने तेरा! सरकारने जेमतेम तीन आठवड्यांची सूचना देऊन ग्रेगोरियन कॅलेंडर लागू केले. बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवसानंतर थेट १ जानेवारी १८७३ उजाडला. तेरावा पगार टळला, आणि बारावा महिना दोनच दिवसांचा झाल्यामुळे त्याचाही पगार वाचला. आधुनिकतेची कारणे किती प्रकारची असू शकतात, पाहा.

रशियात जुनी पद्धत १९१८ पर्यंत टिकली. ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी आला. ‘ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापनदिन पुढे नोव्हेंबरात साजरा होई तो यामुळेच : २५ ऑक्टोबर म्हणजे नव्या हिशेबाने ७ नोव्हेंबर. रशियाने अलास्का अमेरिकेला विकला, तो ताबा १८ ऑक्टोबर १८६७ रोजी दिला गेला. तेव्हा एकाच वेळी कॅलेंडरही बदलले आणि तारीख बदलण्याची रेषाही अलास्काच्या दुसऱ्या बाजूला गेली. तेथे शुक्रवार ६ ऑक्टोबरनंतर पुन्हा शुक्रवारच आला, १८ ऑक्टोबरचा. वारांची साखळी कोणीही मोडली नाही असे वर म्हटले, त्याला हा अपवाद. पण तो कॅलेंडराचा नव्हे, भूगोलाचा.

भूगोलाने दिवस गिळल्याची पहिली प्रसिद्ध नोंद मॅगेलनच्या मोहिमेतली. पृथ्वीप्रदक्षिणा करून परतणारे जहाज जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दे बेटांवर थांबले. जहाजावरच्या रोजनिशीप्रमाणे त्या दिवशी बुधवार होता आणि किनाऱ्यावरचे लोक म्हणत होते गुरुवार. पिगाफेता या रोजनिशीकाराने आपण एकही दिवस चुकवला नाही याची खात्री करून पाहिली होती. सूर्यामागोमाग पश्चिमेकडे जात पृथ्वीला एक फेरी मारल्याने त्यांचा एक सूर्योदय कमी झाला होता. फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश लोक मेक्सिकोहून, म्हणजे पूर्वेकडून, आले आणि सोबत अमेरिकेची तारीख घेऊन आले. त्यामुळे शेजारच्या मकाऊपेक्षा मनिला एक दिवस मागे राहिली, ती जवळजवळ तीन शतके! अखेर ३१ डिसेंबर १८४४, मंगळवार, हा दिवस गाळून ती चूक दुरुस्त केली. सामोआने अमेरिकी व्यापाराच्या सोयीसाठी १८९२ मध्ये ४ जुलै दोनदा साजरा केला आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार वाढल्यावर ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवार कॅलेंडरातून काढून टाकला. जे दिले ते ११९ वर्षांनी परत घेतले.

जुने ज्युलियन कॅलेंडर अजून पूर्ण मेलेले नाही. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च २५ डिसेंबरचा नाताळ त्याच हिशेबाने पाळते, म्हणून तो आपल्या ७ जानेवारीला येतो. सध्या दोन्ही पद्धतींत तेरा दिवसांचे अंतर आहे. २१०० हे वर्ष ज्युलियन पद्धतीत लीप असेल, आपल्या पद्धतीत नसेल. तेव्हा ते चौदा होईल आणि रशियन नाताळ २१०१ पासून ८ जानेवारीला जाईल. आज पहिलीत असलेल्या मुलांपैकी अनेकजण त्या वेळी ऐंशीच्या घरात असतील. २९ फेब्रुवारी २०९६ ला जन्मणाऱ्या बाळांना मात्र आपला पहिला खरा वाढदिवस येण्यासाठी आठ वर्षे, २१०४ पर्यंत, थांबावे लागेल.